पिवळा दिवा विझेपर्यंत

लोक देवाला जातात, हवापालटाला जातात, नाहीतर लग्नाला जातात. आम्ही बहीण-भाऊ इंजिनाच्या तेलापायी अमरावतीला जाऊन आलो. ऐकणारा आधी हसतो आणि मग विचारतो, "का हो, पुण्यात तेल मिळत नाही?" मिळतं हो. आमच्याकडे तर जरा जास्तच मिळायला लागलं होतं, तेच दुखणं.

मिलिंद माझा धाकटा भाऊ. हडपसरच्या एका कारखान्यात बावीस वर्षं मशीनसमोर उभा राहिला, आणि गेल्या वर्षी नोकरी सोडून त्याने सतरा फुटी ट्रक घेतला, नवा कोरा. काम घरसामान हलवायचं. वारज्याचं बिऱ्हाड हडपसरला, हडपसरचं येरवड्याला. पुण्यात माणसं इतकी घरं बदलतात की त्याला शहराबाहेर पडायची गरजच पडली नाही. आम्ही येरवड्याचे. माझं घर आणि त्याचं घर यांच्यात एक भिंत आहे, त्यामुळे ट्रकची सगळी बित्तंबातमी मला आपोआप मिळते.

जुन्या ड्रायव्हरांनी त्याला बजावलं होतं, रोज सकाळी इंजिनातली पट्टी काढून तेल बघ, कमी व्हायला लागलं की समज इंजिन तेल पितंय. हा रोज बघायचा. तेल कमी होईना. "थेंबभर पीत नाही माझी गाडी," असं स्टँडवर सांगत सुटला. मग एक दिवस तेल वाढलं. पट्टीवरच्या वरच्या खुणेच्याही वर, चांगलं बोटभर. तर हा माणूस पेढे घेऊन माझ्या दारात! "ताई, गाडी तेल देतेय!"

"दूध देते का तेही बघ," मी म्हटलं आणि पेढा खाल्ला.

तेल आणखी वाढलं तेव्हा मात्र त्याचा चेहरा उतरला. हडपसरच्या सर्व्हिस सेंटरला आम्ही दोघं गेलो. तिथे प्राजक्ता नावाची मुलगी होती, असेल सव्वीस-सत्तावीसची, हात कोपरापर्यंत काळे. तिने पट्टी काढली, नाकाशी नेली आणि म्हणाली, "ऑइलमध्ये डिझेल उतरलंय. काका, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो तेव्हा तुम्ही काय करता?"

"गाडी बंद करतो," मिलिंद अभिमानाने म्हणाला. "तापली असणार, म्हणून जरा विश्रांती देतो बिचारीला."

प्राजक्ताने कपाळाला हात लावला. तो काळा होता, म्हणून कपाळही काळं झालं. मग तिने समजावून सांगितलं. धुराच्या नळीत एक जाळी असते. काजळीने ती भरली की गाडी स्वतःच ती जाळून साफ करते, आणि त्यासाठी थोडं जास्तीचं डिझेल सोडते. पिवळा दिवा म्हणजे ते काम चालू आहे. वीस-पंचवीस मिनिटं एका लयीत गाडी पळाली की काम संपतं आणि दिवा आपोआप विझतो. मध्येच इंजिन बंद केलं की ते डिझेल खाली तेलात उतरतं. "घास तोंडात घेतला की तुम्ही ताट ओढताय, काका. आठ महिने! अहो, ती आजारी नाहीये, उपाशी आहे."

तिने तेल बदलून दिलं आणि अट घातली. चार दिवस गाडी लांब पळवायची, दिवा लागला तर हात लावायचा नाही, रोज सकाळी पट्टी बघायची. तेल खुणेवर राहिलं तर गाडी ठणठणीत. तरीही वाढलं, तर मग दोष आतला आहे आणि इंजिन खोलावं लागेल.

इंजिन खोलावं लागेल हे शब्द घरी रंजनाच्या कानावर गेले. रंजना म्हणजे मिलिंदची बायको. शाळेत शिकवते, आणि सवयीने घरातही. नोकरी सोडायला तिचा पहिल्यापासून विरोध होता. कारखान्यातून मिलिंदला निरोप आला होता, जागा रिकामी आहे, सोमवारी येऊन सही कर. ती म्हणाली, "चार दिवस घ्या. रविवारी तेल खुणेवर असेल तर ट्रक ठेवा, मी पुन्हा शब्द काढणार नाही. वाढलं असेल तर ट्रक विकायचा आणि सोमवारी सही करायची." मग माझ्याकडे वळून, "ताई, तुम्ही जा बरोबर. तुमच्या भावाला स्वतःच्या गाडीचे दोष दिसत नाहीत."

मी भूमी अभिलेखच्या कचेरीतून निवृत्त झालेली बाई. तीस वर्षं लोकांच्या बांधांचे नकाशे तपासले. पट्टीवरची एक रेघ वाचणं मला काय जड? गेले.

गुरुवार : वारजे ते जालना

योगायोगाने काम मिळालं ते अमरावतीचं. वारज्याचे वानखडे सर कॉलेजातून निवृत्त होऊन गावी परत चालले होते. "तीस वर्षं पुण्यात शुद्ध बोललो," ते म्हणाले, "आता घरी जाऊन मोकळं बोलतो." अठरा खोकी पुस्तकं, एक झोपाळा, दोन कपाटं, कुंड्या. ते दोघं नवरा-बायको रेल्वेने जाणार होते. वानखडे मॅडमनी कढीपत्त्याची कुंडी मात्र मागे ठेवू दिली नाही. "हे केबिनमध्ये घ्या जी, हवा लागली पाहिजे त्याले." त्यामुळे अमरावतीपर्यंत आम्ही तिघं होतो, मी, मिलिंद आणि मध्ये कढीपत्ता.

ट्रक सोसायटीच्या फरशीवर चढला होता, सेक्रेटरी गॅलरीतून बघत होते. "नवीन ट्रक वाटतं? छान. आता फरशीही नवीन बसवावी लागेल."

ट्रकच्या केबिनमध्ये मी पहिल्यांदाच बसत होते. काय सांगू! सगळ्या भिंतींच्या पलीकडचं दिसतं. येरवड्याहून नगर रस्त्याने जाताना ज्या बंगल्यांच्या फक्त फाटकावरच्या पाट्या मी चाळीस वर्षं वाचल्या, त्यांच्या आत काय आहे ते त्या दिवशी कळलं. एका ठिकाणी आजोबा पायजम्यावर बॅडमिंटन खेळत होते. मी हात केला, त्यांनी रॅकेट हलवली.

शिरूर सोडलं आणि पिवळा दिवा लागला. मिलिंदचा हात आपोआप चावीकडे गेला. मी फटका मारला.

"हात मागे!"

"ताई, सवय झालीय गं."

"मोडायची सवय. पुढे बघ."

पुढची वीस मिनिटं तो जितका घामाघूम झाला तितका दहावीच्या निकालालाही झाला नव्हता. चहाची छान छान हॉटेलं येत होती आणि जात होती, थांबायची सोय नाही. एक म्हैस रस्त्यात येऊ पाहत होती, तिला मी खिडकीतून हात जोडले. सुप्याच्या अलीकडे दिवा विझला. आपोआप! आठ महिन्यांत त्याने तो स्वतःहून विझताना पहिल्यांदाच पाहिला. आम्ही दोघं असे ओरडलो की शेजारून जाणारा मोटारसायकलवाला घाबरून बाजूला झाला. अहिल्यानगरला त्याने मला शेंगदाण्याच्या आमटीबरोबर तीन भाकरी खायला लावल्या, स्वतः पाच खाल्ल्या.

बायकांसाठी म्हणून एक गोष्ट लिहून ठेवते, प्रवासवर्णनात कुणी लिहीत नाही. ट्रकने जाताना स्वच्छतागृहाचं काय? पेट्रोल पंपावर जायचं आणि चावी मागायची. "चावी मालकाकडे आहे," असं उत्तर येतं. तेव्हा जागचं हलायचं नाही, फक्त मालकाचं नाव, पंपाचा नंबर असं विचारत वही काढायची. चावी लगेच सापडते. कचेरीतल्या तीस वर्षांचा मला झालेला हा मोठाच उपयोग.

शुक्रवार : जालना ते अमरावती

जालन्याला लॉजवर उतरलो होतो. सकाळी सातला खाली आले तर मिलिंद ट्रकपाशी पट्टी हातात धरून उभा. त्याने ती माझ्यापुढे धरली. तेल खुणेच्या वर होतं. अर्धं बोट.

मी म्हटलं, "पुन्हा पुसून बघ."

"तीनदा बघितलं." आणि मी काही म्हणायच्या आत त्याने खिशातून फोन काढून रंजनाला लावलासुद्धा. "वाढलंय," एवढंच म्हणाला. पलीकडून तीही एवढंच म्हणाली, "मग या परत."

असा गरीब चेहरा करून तो टपरीच्या बाकावर बसला की मला त्याच्या लहानपणीची आठवण झाली. मी दोन चहा सांगितले. चहा बशीत ओतला, बशी बाकावर ठेवली, आणि चहा सगळा एका कडेला जाऊन माझ्या साडीवर सांडला.

टपरीवाला म्हणाला, "बशी हातातच धरा मावशी. हितं समदा उतारच हाय. रातीला पाणी बी त्या गटाराकडंच पळतंय."

मी साडी झटकत उठले ती तशीच ट्रककडे. ट्रक नाक खाली करून उभा होता! आतलं तेलही पट्टीच्या बाजूला पुढे गोळा होणार, नाही का? उताराची जमीन नकाशात वेगळी मोजतात, हे मला कळायला नको होतं? आयुष्य त्यात गेलं माझं. मिलिंदला म्हटलं, "ऊठ गधड्या. आधी सपाट जागा शोध."

टपरीवाल्यानेच शाळेचं पटांगण दाखवलं. ट्रक तिथे उभा केला, दहा मिनिटं थांबलो, पट्टी पुसली, घातली, काढली. तेल बरोबर खुणेवर. मी वास घेतला, डिझेलचा नाही. टपरीवाल्यानेही घेतला, कशाचा घ्यायचा ते न कळताच, आणि "झकास हाय" म्हणाला.

मिलिंदने पुन्हा फोन लावला आणि घाईघाईने उतार, बशी, पटांगण सगळं सांगितलं. रंजनाने शांतपणे ऐकून घेतलं. "बरं," ती म्हणाली, "रविवारी मी स्वतः बघेन. सपाटीवर."

जालन्याहून समृद्धी महामार्गावर चढलो आणि गाडीला जे हवं होतं ते मिळालं. सरळ रस्ता, ऐंशीचा वेग, ना सिग्नल ना आडवा येणारा रिक्षावाला. सिंदखेडराजाच्या डोंगरांमधून, मग मेहकरच्या पुढे दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली आणि तुरीला शेंगा लगडलेल्या. इंजिनाचा आवाज बदलला होता. मिलिंद म्हणाला गाडी गुणगुणतेय. मला तसं काही ऐकू आलं नाही, पण तो गुणगुणत होता हे खरं, आणि बेसूर.

कारंज्याला उतरून अमरावतीचा रस्ता धरायचा होता. फाटा दोन किलोमीटरवर असताना पिवळा दिवा लागला.

"आता?" मी विचारलं.

"आता काय! ताट ओढायचं नाही." आणि पठ्ठ्याने फाटा सोडून दिला. कारंजा डावीकडून निघून गेलं. अमरावतीचा बोर्डही गेला. या रस्त्यावर वळायची सोय नाही, पुढचा फाटा धामणगावचा. आम्ही दिव्याच्या मर्जीने चाललो होतो. दिवा विझला तेव्हा दोघांनीही टाळ्या वाजवल्या, त्याने एका हाताने, माझ्या हातावर.

धामणगावच्या फाट्याला खाली उतरल्यावर रस्ता विचारायला एका घरापाशी थांबलो. अंगणात एक बाई तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. बेबीबाई त्यांचं नाव.

"कोठचे जी तुमी?"

"पुण्याचे."

"मंग इकडं काहून आले?"

"गाडीच्या तेलासाठी," मिलिंद म्हणाला, आणि सगळी कथा सांगितली.

त्यांनी लक्ष देऊन ऐकली. "आमच्या घरी बी असंच हाय," त्या म्हणाल्या. "आमच्या बुढ्याले जेवतानी कोणी हाक मारली का त्याचं बी बिघडते. जेवले का तुमी?"

आमच्या पुण्यात हा प्रश्न उत्तर माहीत असल्याशिवाय कुणी विचारत नाही. मी सवयीने म्हटलं, "हो हो, झालंय." त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "खोटं बोलून राह्यली ही बाई," असं मिलिंदला म्हणाल्या आणि चूल पेटवायला गेल्या.

ताज्या तुरीच्या दाण्यांना तिकडे सोले म्हणतात. सोले परतून, वाटून त्यांची आमटी. फोडणीला तेल तापलं आणि बेबीबाईंनी केबिनकडे बोट दाखवलं. "ते कढीपत्त्याचं झाड तुमचंच का जी?" आता काय सांगायचं? मी दोन काड्या दिल्या. मग त्यांच्या जावेला दोन. मग सुनेला, उद्याच्या भाजीला. आमटी मात्र अशी होती की मी साठ वर्षं तुरीची फक्त डाळ खाल्ली याचं मला मनापासून वाईट वाटलं. आमची आई याच मुलखातली, लग्न होऊन पुण्याला आली. ती अधूनमधून "सोले नाही मिळत गं इथं" म्हणायची आणि आम्हाला वाटायचं, काय एवढं त्यात. तिसरी वाटी मी तिच्या नावाने घेतली.

संध्याकाळी अमरावतीत वानखडे मॅडमनी आधी कुंडी उतरवून घेतली. "वाळलं का जी हे? लहान दिसते."

"प्रवासाची दगदग," मी म्हटलं. मिलिंद खोकी मोजायला पळाला.

शनिवार : अमरावती

सकाळी सरांच्या दारातली गल्ली सपाट आहे की नाही हे मी बशी ठेवून तपासलं. तोवर ही वार्ता गल्लीत पसरली होती. पट्टी बघायला सर चष्मा लावून आले, शेजारचे दोन निवृत्त पोस्टमन आले, एक गाय आली. मिलिंदने पट्टी काढली. खुणेवर! "जय भीम!" सरांनी असं खड्या आवाजात म्हटलं की समोरच्या घरातून तिघांनी उत्तर दिलं. मग सगळ्यांना गिला वडा. दह्यात भिजलेला, वर चटणी. पुण्यात दहीवडा म्हणून जे देतात त्याचं मी आता नाव काढणार नाही.

दुपारी परतीचा माल मिळाला, तुरीच्या डाळीची पोती. मिलिंद फोनवर व्यापाऱ्याला म्हणाला, "सोमवारी सकाळी मार्केट यार्डात उतरवतो."

मी म्हटलं, "सोमवारी तुला कदाचित सही करायची आहे."

त्याने ऐकलंच नाही असं दाखवलं आणि पोती बांधायला लागला. दोरीची गाठ तीनदा चुकली. तेव्हा मला कळलं की त्याला किती भीती वाटतेय, आणि ट्रक किती हवाय. मी दोरीचं दुसरं टोक धरलं.

रविवार : येरवडा, आणि पुढे

संभाजीनगरच्या मुक्कामात सकाळी पट्टी पुन्हा खुणेवर होती. तीनही दिवस एकच रेघ. मिलिंद गाडी चालवत नव्हता, मिरवत होता. दुपारी चारच्या सुमाराला वाघोली, खराडी करत येरवड्यात शिरलो. आमच्या वळणाला तीनशे मीटर राहिले असतील, आणि पिवळा दिवा लागला.

वळणावरच रंजना उभी होती. हातात स्वच्छ फडकं. पट्टी पुसायला घरून आणलेलं!

मिलिंदने गाडी थांबवली, इंजिन चालूच. "रंजना, आत्ता बंद नाही करता येणार. दिवा लागलाय."

"मी पट्टी बघणार म्हटलं होतं."

"बघ ना. पण दिवा विझल्यावर. पळवावी लागेल."

"कुठे?"

"रस्ता मोकळा असेल तिथे. देहूरोडला."

ती ट्रककडे बघत राहिली. मागे पीएमटीची बस भोंगा वाजवत होती. बसचा ड्रायव्हर डोकं बाहेर काढून म्हणाला, "काय ठरलं ते सांगा, आम्ही तोवर चहा घेतो." रंजनाने साडीचा पदर खोचला, मी हात दिला आणि ती वर चढली.

होळकर पूल, खडकी, दापोडी. ती पहिली दहा मिनिटं समोर बघत बसली, फडकं मुठीत. मग हळूच म्हणाली, "ताई, इथून आतलं सगळं दिसतं." पिंपरीच्या पुढे गाडी मोकळी सुटली. निगडीच्या पुढे दिवा विझला. या वेळी आम्ही दोघं ओरडलो नाही, रंजनाकडे बघितलं.

देहूरोडला पंपाच्या मागे सपाट काँक्रीट होतं. इंजिन बंद केलं. दहा मिनिटं थांबायचं असतं, तर ती दहा मिनिटं तिने घड्याळ लावून मोजली. मग स्वतः पट्टी ओढली, पुसली, घातली, पुन्हा काढली आणि उजेडात धरली. वास घेतला. परत पुसली. परत घातली. परत काढली. मिलिंद दुसरीकडे बघत उभा होता, त्याच्याने बघवत नव्हतं.

"खुणेवर आहे," ती म्हणाली.

मिलिंद वळला. तिच्या हातातली पट्टी त्याने वाकून दोनदा बघितली. मीही बघून घेतली, कचेरीची सवय.

रंजनाने पट्टी जागच्या जागी नीट बसवली आणि मागच्या पोत्यांकडे पाहिलं. "ही कधी उतरवायचीत?"

"सोमवारी," तो चोरट्यासारखा म्हणाला.

"म्हणजे पट्टी बघायच्या आधीच ठरवलं होतं तुम्ही."

मिलिंद पोत्यांची दोरी तपासायला लागला.

तिने हात पुसून फडकं खांद्यावर टाकलं. "मग कारखान्यात फोन करा. सांगा, सोमवारी येता येणार नाही, पोती उतरवायचीत."

"आणि मंगळवारी?" मिलिंदने घाबरत विचारलं.

"मंगळवारी शाळेला सुट्टी आहे," रंजना केबिनची पायरी चढत म्हणाली. "एखादं लांबचं भाडं बघा. खिडकीपाशी मी बसणार."